बायजाच्या दगडावरचं मीठ

ती पिशवी आधी उचला बरं तिथून. बसायचं असेल तर या ओट्यावर बसा, निंबाची सावली इथपर्यंत येते. त्या दगडावर सामान ठेवत नाहीत. देव नाही तो, शेंदूर दिसतोय का कुठे? देव नसला तरी मान असतो एखाद्याचा.

हां, आता नीट बघा. बाजेएवढा लांब, काळा दगड. दोन्ही अंगांना बसून बसून घळ पडलीय. दोन माणसं पाठीला पाठ लावून बसली तर बरोबर मावतील. आणि मधोमध पांढरं दिसतंय ते मीठ. खडेमीठ. देवाला खडीसाखर वाहतात, इथे मीठ ठेवतात. शेळ्या येऊन चाटून जातात, त्यांना कुणी हाकलत नाही.

मागचं ते धुराडं जिनाचं. कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना, आमच्याकडे त्याला जिन म्हणतात. बंद पडेपर्यंत मीही तिथेच होते कामाला. छातीत अजून कापूस आहे माझ्या, मधेच खोकले तर घाबरू नका. शहरातून येणारा प्रत्येक जण त्या धुराड्याचा फोटो काढतो आणि निघून जातो. काढा, काढा. त्याचंही येईल पुढे. पण गोष्ट दगडाची आहे, आणि ती या कौतिकबाईकडून ऐकायची असेल तर मधे मधे विचारायचं नाही.

धामणखेड्यात जिन आला तेव्हा युनियन हा शब्द इथे कुणी ऐकलेला नव्हता, असं सांगतात. शेठने धुराडं बांधलं, भोंगा बसवला, आणि कापूस घरात आला की आसपासच्या गावांतल्या बाया इथे कामाला यायला लागल्या. सकाळच्या भोंग्याला आत, संध्याकाळच्या भोंग्याला बाहेर. मधल्या वेळात फाटकाला कुलूप. लेकुरवाळ्या बाया पोरं घेऊन यायच्या. आत कापसाचा धुरळा एवढा की मोठ्या माणसाचा जीव घुसमटतो, तिथे तान्ह्यांचं काय? म्हणून पोरं बाहेर. या निंबाच्या फांद्यांना झोळ्या बांधलेल्या असायच्या, आणि बसती पोरं या दगडावर. राखायला एक म्हातारी. पोरांनी भुकेने रडू नये म्हणून आया सकाळीच त्यांना अफूची बारीक गोळी चाटवायच्या. तोंड वाकडं करू नकोस गं पोरी. तुझ्याइतकाच जीव होता त्यांचाही पोरांवर. करतात काय?

बायजा त्यांतलीच एक. जिनाच्या यंत्रात कापूस भरायची. तिचा नवरा झिपरू बॉयलरवर. बॉयलरमध्ये पाणी तापवायचं, त्याच्या वाफेवर सगळी यंत्रं चालायची. म्हणजे जिनाचा जीव त्याच्या हातात. या दोघांचं बोलणं म्हणजे गावाला करमणूक होती म्हणे. तो बोलघेवडा आणि ती त्याच्या वरची. कामावरून परतताना बाकीचे मुद्दाम त्यांच्या मागून चालायचे, ऐकायला. घरी पोचेपर्यंत तोंड बंद नाही दोघांचं.

त्यांना पहिली मुलगी झाली, ठमा. तीही इथेच झोळीत असायची. बॉयलरची खोली या भिंतीला लागून, त्यामुळे झिपरूला तिचं रडणं ऐकू यायचं. पण धगधगती आग सोडून तो जाणार कसा? एक दिवस ती बराच वेळ रडली आणि गप्प झाली. झोपली असेल, असं त्याला वाटलं. बरं झालं, असंही वाटलं असेल बिचाऱ्याला. संध्याकाळी भोंगा झाला, बायजा धावत बाहेर आली, झोळीत हात घातला, तर पोर गार पडलेली.

त्यानंतर बायजाने मुकादमाला एकच गोष्ट मागितली. दुपारी एकदा भोंगा वाजवा, फाटक उघडा, पोरांना पाजून येऊ द्या. मुकादम हसला. "शेठने जिन काढलाय तो तुमची पोरं पाजायला का?" म्हणाला.

तेव्हा मुंबईच्या गिरणीतून काढून टाकलेला एक माणूस गावी परत आला होता. त्याने बायांना संप म्हणजे काय ते सांगितलं. सगळ्यांनी मिळून बाहेर थांबायचं, बस्स. बायजाने विचारलं, "आणि एखादा आत गेला तर?" तो म्हणाला, "त्याला समजवायचं." बायजाला ते पटलं नाही. ती घरी गेली, देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा घेऊन आली आणि या दगडावर ठेवला. भंडारा म्हणजे हळद हो, पण ती हातात घेऊन जे बोललं ते मोडता येत नाही. तिने मूठ भरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "जो कोणी संप सोडून या फाटकाच्या आत जाईल, त्याच्याशी मी मरेपर्यंत बोलणार नाही." तिच्यामागून एकेकीने भंडारा उचलला. पुरुषांनीही उचलला. झिपरूनेही.

इथे चुकलं आमचं. संप ही वस्तू बाहेरून आली होती, भंडारा आमचा होता, आणि दोन्ही एकात एक कालवले. संप आज ना उद्या मिटतो. भंडारा मिटत नाही. बोलताना तिच्या तोंडून 'मरेपर्यंत' निघून गेलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

संप सुरू झाला. फाटकाबाहेर, इथेच, सगळी बसून असायची. पहिले दिवस गाणी-बिणी झाली. मग घरातलं धान्य संपत आलं तशी गाणीही बसली. पण कुणी आत गेलं नाही. शेठचा कापूस आत ढीग लावून पडून होता, त्यालाही झोप नव्हती.

झिपरूला मात्र वेगळीच काळजी लागून राहिली. बॉयलर पाण्याने भरलेला तसाच सोडून तो बाहेर आला होता. दुभती म्हैस न पिळता बांधून ठेवल्यावर माणसाचं कशात लक्ष लागत नाही ना, तसं झालं होतं त्याचं. ते शेठने बरोबर हेरलं. मुकादमाकडून निरोप दिला की पाणी आत तसंच राहिलं तर बॉयलर गंजून जाईल. मग संप जिंकलात तरी कामाला येणार कुठे? झिपरूने विचार केला, हे काही काम नाही. ही निगा आहे. पाणी सोडून द्यायचं, आतून वाळवायचं, आणि परत यायचं. बायजाला सांगितलं तर ती नको म्हणेल, म्हणून सांगितलं नाही. मागच्या भिंतीवरून आत उतरला.

त्याने बॉयलर रिकामा केला. आतली ओल जावी म्हणून बारीकशी आग पेटवली. आणि तो पाठमोरा झाला तेव्हा शेठच्या माणसांनी त्या आगीवर ओली सरकी ओतली, असं सांगतात.

तो फोटो काढलात ना मगाशी, त्या धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला. बाहेर बसलेल्यांनी वर पाहिलं. "जिन चालू झाला!" कुणीतरी ओरडलं. आत एक पट्टासुद्धा हलत नव्हता, पण बाहेर कुणाला काय दिसणार? मुकादमाने फाटक उघडलं आणि सांगितलं, यायचं असेल तर आत्ताच, नाहीतर नाव कटलं. आधी एक उठली. तिला घरी पाच तोंडं होती, तिला काय बोलायचं? मग दुसरी. मग पुरुष उठले. माझी आजेसासूही त्यांत होती. खोटं कशाला सांगू?

बायजा एकटी या दगडावर बसून राहिली.

थोड्या वेळाने झिपरू पुढच्या फाटकातून बाहेर आला. हाताला राख, कपाळाला राख. धुराचं काय झालं ते त्याला तोवर कळलं होतं. तो लांबूनच बोलत बोलत आला म्हणे, "अगं, जिन चालू झालेला नाही, मी नुसता..." बायजाने त्याच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. तो दगडाच्या दुसऱ्या अंगाला बसला. तिथली ती घळ त्याची.

घरी गेल्यावर त्याने सगळं सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं, रडून सांगितलं. तिचा विश्वास बसला होता, असं सांगतात. हा आपल्याला फसवणार नाही, हे तिला माहीत नव्हतं का? पण भंडारा तिने उचलला होता, सगळ्यांच्या आधी, तिच्याच तोंडून ते शब्द निघाले होते. आणि तुमच्या ध्यानात आलं का? एकट्या झिपरूपुरतं नव्हतं ते. अख्खं गाव आत गेलं होतं. जे आत गेले त्यांचं एकमेकांशी बोलणं दुसऱ्या दिवशीच सुरळीत झालं, कारण कोण कुणाला काय म्हणणार? अडकली ती जी बाहेर राहिली. तिला बोलायला गावात माणूसच उरलं नाही. सगळ्यांचा संप मिटला, तिचा एकटीचा सुरू राहिला.

जिनात ती पुन्हा पाऊल टाकणार नव्हतीच. पोरं राखणारी म्हातारी थकली होती, तिची जागा बायजाने घेतली, कुणी न सांगता. तान्ह्यांनी काही संप मोडला नव्हता. त्यांच्याशी तिला बोलता येत होतं, आणि ती दिवसभर बोलायची, त्यांना कळो न कळो. त्यांना अफू मात्र घालू देत नसे. झोळीपाशी हात आडवा धरायची. संध्याकाळी आया आल्या की पोराच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची, "तुझ्या आईला सांग, आज तुला खोकला होता. आल्याचा रस दे म्हणावं." आई समोर उभी असायची. तिच्याकडे बघायचीही नाही. माझी आजेसासू सांगायची की पोर उचलताना ती मान वर करायची नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, म्हणायची.

नवऱ्यासाठी हा दगड होता. त्याला भाकरी करून वाढायची, त्याचे कपडे धुवायची, पण घरात तोंडातून शब्द नाही. संध्याकाळी पोरं आपापल्या घरी गेली की ती दगडाच्या या अंगाला बसायची. झिपरू येऊन त्या अंगाला, पाठ करून. मग ती दगडाला सांगायची, "दगडोबा, मीठ संपलंय." आणि तिकडून झिपरूही दगडालाच म्हणायचा, "आणतो." ती काही आत गेली नव्हती, म्हणून भंडारा उचलूनही त्याला तिच्याशी बोलायला आडकाठी नव्हती. पण तिला जे करता येत नाही ते आपणही करायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं म्हणे. सगळा संसार त्या दगडातून चालायचा. पोरंटोरं हसायची सुरुवातीला. नंतर कुणी हसेना. एवढी बोलणारी दोन माणसं अशी बसलेली बघून जीव कासावीस व्हायचा लोकांचा.

पुढच्या हंगामात एक विचित्र गोष्ट घडायला लागली. भर दुपारी, सूर्य डोक्यावर आला की जिनाची वाफ पडायची. यंत्रं मंदावायची आणि थांबायची. शेठ ओरडायचा, मुकादम धावायचा, झिपरू हात जोडून उभा, "काय करू शेठ, वाफ धरत नाही." यंत्रं थांबली की बायांना आत काम नाही, त्या फाटकाशी गोळा व्हायच्या, आणि एवढ्या बाया दारात दुधाने भरल्या छातीने कण्हत उभ्या राहिल्या की मुकादमाला फाटक उघडावंच लागायचं. बाहेर बायजा पोरांना कडेवर घेऊन तयार असायची. पाजून होईपर्यंत वाफ यायची नाही. झालं की आपोआप यायची.

लोक म्हणायचे, ठमाचा जीव बॉयलरमध्ये शिरलाय. शेठने बाहेरून जाणता माणूस आणला, त्याने ठोकून-बिकून पाहिलं, त्याला काही सापडलं नाही. तो बघायला उभा असला की वाफ मुळी पडायचीच नाही! कसं केलं झिपरूने ते आजवर कुणाला कळलेलं नाही. त्याने कुणाला सांगितलंही नाही. एकीला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या संध्याकाळी ती दगडाला म्हणाली, "दगडोबा, आज वाफ कमी पडली. उद्याही पडू दे." पलीकडे झिपरूने पागोट्याचा शेव डोळ्यांना लावला.

असं किती हंगाम चाललं कोण जाणे. शेवटी शेठ कंटाळला. यंत्र त्या वेळी बंद राहतंच आहे, तर निदान सुट्टी दिल्याचं नाव तरी आपलं होऊ दे, म्हणून त्याने दुपारचा भोंगा सुरू केला. रीतसर सुट्टी. बायजाने मागितली होती तीच. बायका नाचल्या या निंबाखाली. पुढे मोठ्या युनियनची माणसं आली, भाषणं झाली, झेंडे लागले, पण पहिली सुट्टी ही अशी मिळालेली.

मग सगळ्याजणी बायजासमोर आल्या, पदर पसरून. आता तरी बोल. मागणी पुरी झाली, आमचं चुकलं, तू तरी सोड आता. जवळच्या टेकडीवर खंडोबाचं ठाणं आहे, तिथला वाघ्याही सांगून गेला की उचललेला भंडारा चंपाषष्ठीला देवाच्या पायरीवर परत ठेवता येतो, देव तेवढा समजूतदार आहे. बायजाने कुणाला काही उत्तर दिलं नाही. पण संध्याकाळी दगडावर बसल्यावर म्हणाली, "दगडोबा, या चंपाषष्ठीला मी भंडारा परत ठेवून येणार आहे. परत आल्यावर पहिलं काय बोलावं तेच सुचत नाही बघ. इतकं साठलंय."

पलीकडून झिपरू म्हणाला, "दगडोबा, तिला सांग, काहीही बोलली तरी चालेल. मीठ संपलं म्हणाली तरी चालेल."

त्या साली थंडीच्या तोंडाला तापाची साथ आली. घराघरांत माणसं आडवी झाली. चंपाषष्ठी तोंडावर आली होती, आणि झिपरू गेला.

बायजा त्याच्या उशाशीच होती. शेवटच्या दिवशी त्याला ग्लानी आली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "अगं, आता तरी हाक मार, देव बघणार नाही." तिने तोंड उघडलं होतं म्हणे. हात त्याच्या कपाळावर होता. पण ज्या तोंडाने ते शब्द दिले, त्या तोंडातून हाक फुटली नाही. मला विचाराल तर मला राग येतो तिचा. अजून येतो. किती मेलं ते वचन धरून बसायचं! आणि तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, तेही मला सांगता येत नाही.

चंपाषष्ठीला ती टेकडी चढली. एकटीच. तिला अडवायचं धाडस कुणाला झालं नाही, सोबत जायचंही झालं नाही. भंडारा पायरीवर ठेवला, खाली आली, आणि सरळ या दगडापाशी आली. आपल्या नेहमीच्या अंगाला बसली नाही. वळून उभी राहिली, त्याच्या रिकाम्या घळीकडे तोंड करून. दुपारची सुट्टी झाली होती, बाया पोरं पाजत बसल्या होत्या, सगळ्या थांबल्या. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, आणि म्हणाली,

"अहो, मीठ संपलंय."

आणि थांबली. उत्तराची वाट बघत थांबली हो ती. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही.

मग माझी आजेसासू, जी त्या दिवशी फाटकातून आत गेली होती, तिने पोर छातीपासून बाजूला केलं, उठली, आणि म्हणाली, "आणते गं बायजा." मागून दुसरी म्हणाली, "आणते." मग पुरुष म्हणाले. ज्याने त्याने घरून मूठभर मीठ आणलं आणि दगडावर ठेवलं. एवढं मीठ झालं की पदरात मावेना. बायजा खाली बसली आणि मोठ्याने रडली, ठमा गेली त्यानंतर पहिल्यांदा. रडता रडता एकेकीला नाव घेऊन हाका मारायला लागली. सगळ्यांची नावं आठवत होती तिला.

ती पुढे खूप जगली. भरपूर बोलायची, शेवटपर्यंत. पण रोज संध्याकाळी इथे येऊन तेच एक वाक्य बोलायची, आणि थोडं थांबून घरी जायची.

तेव्हापासून या भागातल्या कामगारांच्या शपथेत 'मरेपर्यंत' येत नाही. आमची युनियन आली तेव्हा पुढाऱ्याने बाहेरचे कडक शब्द लिहून आणले होते, आम्ही ते घेतले नाहीत. 'संप मिटेपर्यंत, त्यापुढे एक दिवस नाही,' असंच आम्ही म्हणतो. पुढाऱ्याला वाटलं आम्ही कच्चे आहोत. वाटू दे.

आजही इथे कुठेही संप मिटला, मग तो सूतगिरणीतला असो की नगरपालिकेच्या झाडूवाल्यांचा, की गुलाल नंतर, आधी सगळ्यांनी या दगडाशी यायचं. बाहेर राहिलेला या अंगाला बसतो, आत गेलेला त्या अंगाला. पाठीला पाठ नाही, तोंडाकडे तोंड. आणि बाहेर राहिलेल्याने आधी बोलायचं असतं, ज्याचा राग खरा असतो त्याने. मीठ संपलंय, एवढंच म्हणायचं. कधी कधी त्याच्या तोंडून ते लवकर निघत नाही. मी एकाला उन्हं कलेपर्यंत नुसता हुंदके देत बसलेला पाहिलाय. पण ते बोलल्याशिवाय इथून कुणी घरी जात नाही, आणि समोरचा 'आणतो' म्हणाल्याशिवाय ते पुरं होत नाही.

गावाने एवढं मीठ आणलं, पण बायजाला ज्याच्या तोंडून ऐकायचं होतं त्याच्याकडून ते आलं नाही. म्हणून आम्ही घाई करतो, बाबांनो. समोरचा माणूस आहे तोवर.